चाकात गेलेला पाय

तुमचे प्रश्न, डॉक्टरबाईंची उत्तरं

गेल्या अंकात लेखाच्या शेवटी मी एक ओळ टाकली होती : लहान मुलांच्या पायांच्या जखमांबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा. वाटलं होतं, चार-दोन पत्रं येतील. पिशवीभर आली. निपाणी, खानापूर, अथणी, हुक्केरी, पलीकडे चंदगडकडूनसुद्धा. त्यातली निम्मी पत्रं एकाच गोष्टीची निघाली, मोटारसायकलच्या चाकात गेलेल्या पायाची. म्हणून आज सुरुवात तिथूनच. नावं आणि गावं काढून टाकली आहेत. मूल डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी औषध सांगत नाही, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे.

प्रश्न : डॉक्टरबाई, नातू पाच वर्षांचा आहे. उरसाला जातो म्हणून हट्ट धरला, तेव्हा मीच म्हटलं, जा काकासंगं गाडीवर. येताना पाय चाकात गेला की हो. टाचेच्या मागचं कातडं उचकटलं. घरात होती ती कॉफी पूड लावली, गावातल्या डॉक्टरनी टाके घातले. हाड मोडलं नाही म्हणून सांगितलं. पाचव्या दिवशी सगळं काळं पडलं. आता बेळगावच्या दवाखान्यात काळं कापून काढलंय आणि दुसरीकडचं कातडं आणून लावायचं म्हणतात. टाके घालणाऱ्यांनी बिघडवलं का? का कॉफीनं? पोरगं लंगडं होणार का? सून माझ्याशी बोलत नाही.
(एक आजी, निपाणीजवळून)

उत्तर : आजी, नमस्कार. तुमच्या तीन प्रश्नांपैकी पहिल्या दोघांचं उत्तर एकच आहे, आणि ते उसाच्या गावातल्या बाईला समजावणं मला सोपं जातं. गुऱ्हाळावर घाण्यातून ऊस बाहेर पडतो तेव्हा त्याची साल जागेवर असते. लांबून बघितलं तर ऊसच वाटतो, हातात घेतला की कळतं, चिपाड आहे. चाकाच्या तारा आणि गाडीचा दांडा यांच्यामध्ये सापडलेल्या टाचेचं तसंच होतं. कातडं जागेवर दिसतं, थोडं निळसर, थोडं खरचटलेलं. पण त्याच्या खालून येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या त्याच क्षणी चेंगरून, ओढून तुटलेल्या असतात. एक्स-रे स्वच्छ येतो, घरचे देवाला नारळ फोडतात. मग तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान काळं कोणतं आणि जिवंत कोणतं याची रेघ उमटते. ते कातडं पाचव्या दिवशी मेलं नाही, उरसाच्या रात्रीच मेलं होतं. दिसलं पाचव्या दिवशी.

म्हणून अशा जखमेत आम्ही पहिल्या दिवशी कातडं ताणून घट्ट शिवत नाही. जखम भरपूर पाण्यानं धुतो, कातडं सैलसं जागेवर ठेवतो, पाय उंच ठेवायला सांगतो आणि अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा उघडून बघतो. गावातल्या डॉक्टरांनी टाके घट्ट घातले असतील तर उरलंसुरलं रक्तही अडलं असेल, एवढं म्हणता येईल. पण सगळा दोष त्यांच्यावर घालू नका. कॉफीनं कातडं काळं पडत नाही. फक्त ती जखमेत रुतून बसते, आम्हाला ती चिमट्यानं वेचावी लागते, पोरगं तेवढा वेळ ओरडतं आणि जखमेत घाण राहून पू होण्याची भीती वाढते. तुमच्या भागात लोक तंबाखूची पूडही दाबतात, तीही नको. हळद, चुना, टूथपेस्ट, साखर, काहीही नको. नळाखाली दहा-पंधरा मिनिटं धुवायचं, स्वच्छ कापड दाबून धरायचं, पाय उंच करायचा, निघायचं.

आता नातवाचं पुढं काय. दवाखान्यात तुम्हाला बहुतेक दोन शब्द ऐकू येतील, ग्राफ्ट आणि फ्लॅप. दोन्हीला लोक 'चामडी लावणं' म्हणतात, पण त्यात रोप आणि वेल एवढा फरक आहे. ग्राफ्ट म्हणजे मांडीवरून कांद्याच्या सालीएवढं पातळ कातडं काढून जखमेवर पसरतात. त्याला स्वतःचं रक्त नसतं. पहिले दोन दिवस ते खालच्या जखमेतलं पाणी शोषून जगतं, मग खालच्या रक्तवाहिन्या त्याच्यात शिरतात. म्हणून पहिले पाच दिवस पट्टी सोडत नाहीत. मांडीवरची जागा दोनेक आठवड्यांत आपली आपण भरते, आणि खरं सांगायचं तर मुलं टाचेपेक्षा तिथल्या आगीनंच जास्त रडतात. पण ग्राफ्ट उघड्या हाडावर धरत नाही. पोटरीपासून टाचेला येणारी जाड शीर आहे ना, रक्ताची नव्हे, स्नायूला हाडाशी बांधणारी, जिच्यावर आपण चवड्यावर उभे राहतो, तिच्यावरचा पातळ पापुद्रा निघून गेला असेल तर तिथंही धरत नाही. मग फ्लॅप लागतो. म्हणजे कातडं, खालची चरबी आणि त्याला रक्त पुरवणारी वाहिनी असं सगळं मुळासकट फिरवून आणायचं. टाचेसाठी पोटरीच्या मागचं कातडं खाली वळवण्याची एक पद्धत आहे, फ्रान्समधल्या मास्कले यांनी १९९२ मध्ये ती मांडली. फार महागडं यंत्र लागत नाही म्हणून आमच्यासारख्या जिल्ह्याच्या गावांत ती घरची झाली. त्यात पावलाच्या बाहेरच्या कडेला थोडा बधिरपणा राहतो, मुलं तो विसरून जातात. वैद्यांनी मात्र विसरू नये.

नातवाला कोणतं लागेल हे शीर उघडी आहे का, आणि टाचेचा मागचा भाग गेलाय की जमिनीला टेकणारा, यावर ठरेल. टेकणारा भाग गेला असेल तर विचार जास्त करावा लागतो. टाचेखालची चरबी साधी नसते. गादीत कापूस सरकू नये म्हणून जसे टाके घालतात तशी ती लहान लहान कप्प्यांत बांधलेली असते, आणि तशी एवढी जाड गादी शरीरात दुसरीकडे कुठंच नाही. तरी मुलांचं शरीर मोठ्या माणसापेक्षा खूप माफ करतं. टाचेवर साधा ग्राफ्ट लावून मैदानात धावणारी मुलं मी बघितली आहेत.

लंगडेल का? शीर शाबूत असेल किंवा नीट जोडली असेल, आणि घोटा आखडू दिला नाही, तर बहुतेक मुलं नीट चालतात. मात्र या 'आखडू दिला नाही' मध्येच सगळी मेख आहे. पाय दुखतो म्हणून मूल चवडा खाली टाकून झोपतं, आई उशी देते, महिन्यात पाऊल घोड्याच्या खुरासारखं खाली वळतं. त्यासाठी मागून अर्धं प्लास्टर देतात, पाऊल नडगीला काटकोनात धरून. ते पोरगं रडलं म्हणून रात्री गुपचूप सोडू नका. ही आज्यांची जुनी सवय आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

काकाला एक विचारा. गाडीच्या मागच्या चाकावरचं साडीगार्ड कुठं आहे? मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारं काहीतरी हवं, असं मोटार वाहन नियमांतच लिहिलंय. आमची पोरं गाडी शोरूममधून आणली की पहिल्या आठवड्यात ते काढून गोठ्यात टाकतात, शान जाते म्हणून. चार वर्षांखालच्या मुलाला गाडीवर बांधायचा पट्टा आणि हेल्मेट फेब्रुवारी २०२३ पासून सक्तीचं आहे, गाडीचा वेग चाळीसच्या आत. पण वय काहीही असो, ज्या मुलाचे पाय फूटरेस्टवर टेकत नाहीत ते मूल मागं बसवायचं नाही. आणि पाय अडकलाच तर ओढायचा नाही. गाडी बंद करायची, चाक हातानं उलटं फिरवायचं, नाही निघाला तर तारा कापायच्या. पक्कड कुठल्याही पंक्चरवाल्याकडे असते.

सुनेबद्दल. १९८१ साली मी बारा वर्षांची होते, धाकटा भाऊ पाच वर्षांचा. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावातून शाळेला जाताना त्याला मी वडिलांच्या सायकलीवर मागं बसवलं होतं. लाल मातीचा उतार, पावसाळा. सायकल मी चालवत होते. त्याची टाच चाकात गेली आणि मी ब्रेक दाबायच्या ऐवजी पायडल मारत राहिले, कारण सायकल अडली म्हणून मला वाटलं चिखलात रुतली. चार महिने नुसती ड्रेसिंगं झाली. जिथं नेलं तिथं कुणीच कातडं लावायचं नाव काढलं नाही. जखम आपोआप भरली, पण ताणलेल्या, कागदासारख्या वणानं. तो वण आजही हिवाळ्यात फुटतो. भाऊ बूट घालताना आत कापूस ठेवतो आणि माझ्याकडे बघून हसतो. आईनं मला एका शब्दानं विचारलं नाही, वडील दोन दिवस बोलले नाहीत. मी ह्या कामात का आले, हे मला कुणी विचारलं की मी काहीतरी दुसरंच सांगते. सून बोलेल, आजी. ड्रेसिंगच्या दिवशी तुम्ही सोबत जा.

प्रश्न : कारखान्याचा हंगाम चालू असताना उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीचं चाक आमच्या आठ वर्षांच्या मुलाच्या पायावरून गेलं. घोट्यापासून बोटांपर्यंतचं कातडं मोजा काढल्यागत निघालं. एके ठिकाणी ते परत ओढून शिवलं, ते सडलं. आता मिरजेला एक डॉक्टर म्हणतात, दोन्ही पाय एकमेकांना जोडून तीन आठवडे ठेवू. दुसरे म्हणतात, दुर्बिणीखाली रक्तवाहिन्या जोडून पाठीचा तुकडा लावू. कुणाचं ऐकायचं?
(एक वडील, अथणी तालुका)

उत्तर : दादा, दोन्ही डॉक्टर बरोबर आहेत. हे ऐकून तुम्हाला राग येईल, पण खरं तेच आहे.

पाय पायाला जोडण्याची पद्धत फार जुनी. अमेरिकेतल्या हॅमिल्टन नावाच्या सर्जननं १८५४ मध्ये केली होती. चांगल्या पायाच्या पोटरीचं कातडं एका बाजूनं उचलायचं, वाईट पायाच्या जखमेवर शिवायचं, आणि दोन्ही पाय पट्ट्यांनी किंवा सळ्यांनी एकत्र बांधून ठेवायचे. साधारण तीन आठवड्यांत ते कातडं जखमेतून स्वतःचं रक्त घ्यायला लागतं, मग मूळ कापून पाय सोडवायचे. म्हाताऱ्या माणसाचे गुडघे यात कायमचे धरतात. आठ वर्षांचं पोर आठवड्यात पुन्हा मांडी घालतं. फायदा असा की ऑपरेशन लहान, खर्च कमी, आणि पायातल्या उरलेल्या रक्तवाहिन्यांना हात लागत नाही. तोटा असा की तीन आठवडे त्याला शौचाला, कुशीवर वळवायला, खाऊ घालायला दोन माणसं लागतात. त्याची आई आणि आणखी कोण, हे आत्ताच ठरवा.

दुसरी पद्धत, फ्री फ्लॅप. १९७३ मध्ये मेलबर्नमध्ये जांघेतलं कातडं असं पूर्ण तोडून पायाला जोडल्याचं प्रसिद्ध झालं, तिथून या कामाची दिशा बदलली. केसापेक्षा बारीक धाग्यानं दोन-तीन मिलिमीटरची वाहिनी शिवायची. ऑपरेशन आठ-दहा तासही चालतं. मुलांच्या वाहिन्या लहान असतात म्हणून पूर्वी सर्जन घाबरायचे. पण त्या स्वच्छही असतात, ना साखर ना तंबाखू. जोडल्या की छान वाहतात. धोका पहिल्या दोन-तीन दिवसांत असतो. वाहिनीत गुठळी झाली तर काही तासांच्या आत परत टेबलावर घ्यावं लागतं.

म्हणून दुसऱ्या डॉक्टरांना एवढंच विचारा : अशी ऑपरेशनं तुमच्याकडे नेहमी होतात का, आणि रात्री दोन वाजता फ्लॅपचा रंग कोण बघणार? पहिल्या प्रश्नाला ते हसतील, दुसऱ्याला नीट उत्तर दिलं तर मुलाला तिथंच ठेवा. 'सकाळी येऊन बघू' म्हणाले तर पाय पायाला बांधलेले परवडले. हे माझं मत आहे, माझेच काही मित्र यावर माझ्याशी भांडतील.

जखम तोवर साफ हवी. आता बऱ्याच ठिकाणी स्पंज ठेवून वर प्लास्टिक चिकटवतात आणि मशीननं हवा ओढून घेतात. त्यानं पाणी निघतं, सूज उतरते. पण ते नुसतं थांबायचं साधन आहे, मशीन लावलं म्हणजे जखम बुजली असं नाही. हाड उघडं असेल तर मशीनवर आठवड्यांमागून आठवडे घालवू नका.

मोजा काढल्यागत निघालेल्या कातड्याबद्दल इतर वाचकांसाठी. ते जसंच्या तसं परत शिवलं तर बहुधा सडतं, कारण त्याचं रक्त तुटलेलं असतं. पण पहिल्या काही तासांत तेच कातडं पूर्ण सोडवून, खालची चरबी खरवडून, ग्राफ्ट म्हणून तिथंच लावता येतं. मांडीचं वाचतं. म्हणून लोंबणारं कातडं घरी कुणी कात्रीनं कापून टाकू नये, आणि पूर्ण तुटलं असलं तर सोबत आणावं.

अजून एक, हे मी निपाणी-चिकोडीकडच्या प्रत्येकाला सांगते. फ्लॅप झालेल्या मुलाच्या खोलीत विडी ओढायची नाही. दारातही नाही. विडीच्या धुरानं बारीक वाहिन्या आकसतात. एकदा एक आजोबा मला म्हणाले, "मी ओढतोय बाई, पोरगं थोडंच ओढतंय?" मी त्यांना जिन्यात बसवलं आणि फ्लॅप झाकून परत आले. ते तीन दिवस जिन्यातच होते. विडी सोडली नाही, पण आत आले नाहीत.

प्रश्न : आमची शाळा जांबोटीच्या पुढं जंगलात आहे. गेल्या महिन्यात कोयत्यानं एका मुलाच्या पायाचं बोट तुटलं. आम्ही ते बर्फाच्या डब्यात टाकून नेलं, तरी जोडता आलं नाही. काय चुकलं?
(एक गुरुजी, खानापूर तालुका)

उत्तर : गुरुजी, धावपळ बरोबर केलीत, बर्फ थेट लागला तेवढं चुकलं. बर्फाला टेकलेलं मांस गोठून मरतं. तुटलेला भाग स्वच्छ पाण्यानं हलका धुवायचा, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळायचा, ती गुंडाळी प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं, आणि ती पिशवी बर्फ-पाणी असलेल्या दुसऱ्या पिशवीत. थंड हवा, गोठलेला नको. तरीही पायाचं लहान बोट जोडायलाच हवं असं नसतं. त्याच्याशिवाय मूल नीट चालतं. अंगठ्याचं मात्र वेगळं आहे, चालताना शेवटचा रेटा तो देतो.

रक्त वाहत असेल तर जखमेवर कापड दाबून धरायचं, पायाला दोरी आवळायची नाही. उघड्या हाडाच्या जखमेत अँटिबायोटिक जितक्या लवकर तितकं चांगलं, तासाभरात मिळालं तर उत्तम. म्हणून थेट बेळगाव गाठण्याच्या नादात वाटेतलं सरकारी आरोग्य केंद्र टाळू नका. तिथं ते इंजेक्शन आणि धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला सांगा, एका चिठ्ठीवर वेळ लिहून घ्या, पुढं निघा. १०८ला फोन लावून ठेवा. आणि वाटेत मुलाला चहा-बिस्किट चारू नका. पोट भरलेलं असलं की भूल द्यायला सहा तास थांबावं लागतं. खानापूरच्या स्टँडवर कुणीतरी प्रेमानं वडापाव भरवलेली मुलं माझ्याकडे येतात आणि मी घड्याळाकडे बघत बसते.

प्रश्न : माझी मुलगी तीन वर्षांची असताना गुऱ्हाळावर उकळत्या रसाच्या काहिलीजवळ गेली, रस पावलावर सांडला. तेव्हा चामडी लावली, चांगली बसली. आता ती नऊ वर्षांची आहे. बोटं वर ओढली जाऊन पावलाच्या पाठीला टेकायला आलीत. डॉक्टर परत ऑपरेशन म्हणतात. पहिलं फसलं का? मोठी झाल्यावर, लग्नाआधी एकदाच केलं तर?
(एक आई, हुक्केरी तालुका)

उत्तर : ताई, पहिलं फसलं नाही. तुमची लेक वाढली, वण वाढला नाही, एवढंच. तीन वर्षांच्या पावलाला पुरेसं असलेलं कातडं नऊ वर्षांच्या पावलाला अपुरं पडतं. पावलाच्या पाठीवरचं तर लवकर, कारण तिथली कातडी आधीच पातळ आणि बोटांची हाडं हलकी. लहानपणी भाजलेल्या मुलांना वाढीच्या वयात एकदा, कधी दोनदा असं सोडवावं लागतं. हे पहिल्या दिवशीच आईला सांगायला हवं. बरेचदा सांगितलं जात नाही. मीही पूर्वी सांगत नसे. बाई रडायला लागली की पुढचं बोलायचं राहून जायचं.

लग्नापर्यंत थांबू नका. आज नुसतं कातडं आखूड आहे. अजून सात-आठ वर्षं तसंच राहिलं तर सांधे निसटतील, हाडं वाकडी वाढतील, आणि मग कातडं सोडवूनही बोटं खाली येणार नाहीत. वण आडवा कापून बोटं खाली आणतात, त्यात बारीक तारा घालून तीन-चार आठवडे सरळ ठेवतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर कातडं लावतात. या वेळी पातळ नको, शक्य तर जांघेतलं पूर्ण जाडीचं, कारण पातळ कातडं जास्त आकसतं. हे तुमच्या डॉक्टरांना विचारून बघा.

खरं काम त्यानंतर आहे. तारा काढल्यावर रात्री झोपताना बोटं खाली धरणारी पट्टी, दिवसा घट्ट मोजा. तो मोजा आंघोळ सोडून जवळपास सगळा वेळ, वर्षभर तरी. खोबरेल तेलानं रोज दोन वेळा वणाला मालिश, वणाचा रंग क्षणभर पांढरा होईल इतकं दाबून. वण लाल आणि टणक आहे तोपर्यंत तो कच्चा आहे, त्याला वळण लावता येतं. फिक्का आणि मऊ झाला की पिकला. वर्ष-दीड वर्ष लागतं.

तुमच्या पत्रात लग्न हा शब्द चार वेळा आलाय, लेकीला पायात चप्पल घालता येते का हे एकदाही नाही. रागावू नका, पण मला पहिलं तेच विचारायचं होतं.

प्रश्न : मुलाचा घोटा दोन वर्षांपूर्वी मोडला होता, कातडंही लावलं. जखम उत्तम. आता पाऊल आत वळतंय असं वाटतं. भास आहे का?
(चिकोडीहून)

उत्तर : भास समजू नका, या आठवड्यात दोन्ही घोट्यांचा उभा एक्स-रे काढा. मुलांच्या हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची, एक चकती असते, लांबी तिथून वाढते. अपघातात तिचा अर्धा भाग बंद झाला आणि अर्धा चालू राहिला तर हाड एका अंगानं वाढतं, पाऊल वळतं. वर कातडं कितीही सुंदर बसलं तरी आतलं हे चुकत नाही. वाकडेपणा लवकर सापडला तर चालू बाजूला लहानशी पट्टी स्क्रूनं बसवून ती बाजू धरून ठेवता येते. उशीर झाला तर हाड कापून सरळ करावं लागतं. पाय दोन सेंटीमीटरपर्यंत आखूड राहिला तर बुटात उंची देऊन भागतं. त्याहून जास्त असेल तर रिंग, म्हणजे पायाभोवती बाहेरून बसवलेली कड्यांची चौकट. ती रशियातल्या इलिझारोव्ह यांची, हाड कापून दिवसाला एक मिलिमीटर, तेही चार वेळा पाव-पाव करून लांबवायचं. नट घरातल्यांनीच फिरवायचा असतो. वाढवलेल्या प्रत्येक सेंटीमीटरमागे रिंग निदान महिनाभर, बहुधा जास्तच, पायात राहते हे आधी समजून घ्या. घोट्याला मार लागलेल्या वाढत्या मुलाचा दर सहा महिन्यांनी एक्स-रे, वाढ थांबेपर्यंत. मुलींची साधारण चौदाला थांबते, मुलांची सोळाला.

प्रश्न : आमचं रेशनकार्ड कर्नाटकाचं, माणसं महाराष्ट्राची, दवाखाना कोल्हापूरचा. पैसे कोण देणार?
(तिघांनी विचारलं आहे)

उत्तर : या प्रश्नावर आपल्याकडे साठ-सत्तर वर्षं भाषणं झाली आहेत, मी कामाचं तेवढं लिहिते. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएलला ठरलेल्या खर्चाच्या तीस टक्के. तातडीची केस नसेल तर सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते. म्हणजे पहिलं ऑपरेशन तातडीत बसतं, पण वर लिहिलेलं बोटं सोडवण्याचं बसत नाही, त्याची चिठ्ठी आधी घ्या. रस्त्यावरचा गाडीचा अपघात असेल तर २०२५ पासून केंद्राच्या योजनेत पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाखापर्यंत सोय आहे, त्यासाठी पोलिसांत नोंद हवी. काकाचं नाव येईल म्हणून 'घरात पडला' असं लिहून देऊ नका. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना लागू करायचा निर्णय घेतला. तुमचं गाव आणि तो दवाखाना त्यात बसतो का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला दाखल होताना विचारा, बिल हातात पडल्यावर नाही. सगळ्या कागदांच्या झेरॉक्स एका प्लास्टिकच्या पिशवीत गाडीच्या डिकीत ठेवा.

प्रश्न : मुलीच्या तळव्यावर फ्लॅप आहे. शाळेत काळे बूट सक्तीचे. बुटात फोड येतात, ती सांगत नाही, मोजा रक्तानं चिकटल्यावर कळतं.
(एक आई, बेळगाव)

उत्तर : ती सांगत नाही, कारण तिला कळतच नाही. फ्लॅपला मूळ कातडीएवढी जाणीव नसते. खडा, खिळा, तापलेला डांबरी रस्ता, काही समजत नाही. रोज रात्री तळवा तुम्ही बघायचा, आणि बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा. ही सवय दात घासण्यासारखी लागू द्या, पुढं ती स्वतः करेल.

बुटाऐवजी मऊ रबराची चप्पल लागेल, मागं पट्टा असलेली. दुकानात 'एमसीआर' म्हणून मागा, कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी हे रबर वर्षानुवर्षं वापरात आहे. फ्लॅप फुगीर असेल तर चांभार तेवढी जागा आतून कोरून देतो. कोल्हापुरी चप्पल घरात समारंभाला ठीक, रोजची नको, तिची कड कापते. मुख्याध्यापकांसाठी चिठ्ठी मी देते, माझ्याकडे या. माप द्यायला जाल तेव्हा लेकीला सोबत न्या, दोन्ही पाय कागदावर उभे ठेवून पेन्सिलीनं काढून घ्या. आणि संध्याकाळी जा, सकाळी नाही. दिवसभर चालल्यावर फ्लॅप सुजतो, सकाळच्या मापाची चप्पल चारच्या घंटेला रुततेच.